सोडलेलं बटण कुठे जातं?

‘सर, ओढताना येतंय, पण सोडलं की परत जातंय.’

एका तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं सांगितलेलं हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं. तिचे शब्द इतके नेमके होते की तिच्या संगणकापाशी पोचण्याआधीच निम्मा शोध लागला होता. बटण हाताबरोबर येत होतं, म्हणजे माउस ठीक. सोडल्यावर नाहीसं होत नव्हतं, म्हणजे खालच्या चौकटीनं ते घेतलेलं होतं. मग परत का जात होतं? जाऊन पाहिलं तर चौकट होती फ्लो लेआउट पॅनेलची. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला ओळीनं लावायचं, हा त्या पॅनेलचा धर्म. मुलगी बटण उजव्या कोपऱ्यात नेऊन सोडत होती आणि पॅनेल त्याला आपल्या रांगेत उभं करत होतं. मी काहीही दुरुस्त केलं नाही. फक्त पॅनेलचं नाव वाचायला सांगितलं. तिनं ते वाचलं, क्षणभर थांबली आणि स्वतःच साधं पॅनेल घेऊन आली.

त्या वहीत पुढे भर पडत गेली. ‘उचलतच नाही.’ ‘उचलतंय, पण आडवी रेघ मारलेला गोल येतोय.’ ‘कुठेही जाऊन बसतंय.’ ‘बसलं, पण दिसत नाही.’ ‘इथे दिसतंय, फोनवर वरच्या कोपऱ्यात जातंय.’ ‘काल नीट होतं, आज सगळं विस्कटलंय.’ ऐकणाऱ्याला ही सारी एकच तक्रार वाटते: ड्रॅग-ड्रॉप चालत नाही. उत्तरही ठरलेलं असतं: प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा. कधीकधी त्यानं काम भागतं, म्हणून तर ही सवय सुटत नाही. माझं म्हणणं असं की या प्रत्येक वाक्यामागचा बिघाड वेगळा आहे, तो वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो, आणि तक्रारीचं मूळ वाक्य नीट ऐकलं तर कुठे शोधायचं ते बहुतेक वेळा त्यातच सांगितलेलं असतं. हे पुस्तक या एका म्हणण्यावर उभं आहे.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या वाचकासाठी थोडं मागून सुरू करतो. वीजबिल भरायचं मोबाइलवरचं पान असो, बँकेच्या खिडकीमागचा संगणक असो की परीक्षेचा अर्ज, प्रत्येक पडद्यावर बटणं, रकाने, याद्या असतात. त्या कुठे, केवढ्या आणि कोणत्या क्रमानं असाव्यात हे प्रोग्रामच्या ओळी लिहून सांगता येतं, तसंच हातानं मांडूनही सांगता येतं. हातानं मांडण्याची सोय देणारं साधन म्हणजे इंटरफेस डिझायनर. एका बाजूला टूलबॉक्स, मधे फॉर्म किंवा कॅनव्हास, दुसऱ्या बाजूला निवडलेल्या वस्तूचे गुणधर्म. टूलबॉक्समधून बटण ओढायचं, फॉर्मवर सोडायचं. पडद्यांचं हे काम थोडंथोडकं नसतं. ब्रॅड मायर्स आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्रोग्रामचा सरासरी ४८ टक्के कोड इंटरफेसपायीच खर्ची पडत असल्याचं आढळलं होतं. हा भार हलका करायला ही साधनं आली आणि त्यांनी तो केलाही.

पण ओढणं-सोडणं दिसायला हाताचं काम असलं तरी खरं ते लिहिण्याचं काम आहे. बोट उचललं त्या क्षणी साधन कुठल्यातरी फाइलीत एखादी ओळ लिहितं. पुढे प्रोग्राम चालतो तो त्या ओळीवर. आपण मांडलेलं चित्र त्याला माहीत नसतं. चित्र आणि ओळ जिथे एकमेकांना सोडतात तिथे बिघाड सुरू होतो.

यंत्राला पडद्यावर दाखवून काम सांगण्याची कल्पना माउसच्या आधीची आहे. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड उभं केलं. हातात प्रकाशलेखणी घेऊन पडद्यावर रेघा ढोबळ काढायच्या आणि मग सांगायचं, या दोन समांतर हव्यात, या दोन सारख्या लांबीच्या हव्यात. यंत्र त्या तशा करून देई. म्हणजे वस्तू हलवणं आणि वस्तूंमधलं नातं सांगणं या दोन्ही गोष्टी या सुरुवातीच्या प्रयोगातच हातात हात घालून होत्या. पुढे त्या तुटल्या आणि जवळपास पन्नास वर्षांनी पुन्हा जोडल्या गेल्या. या पुस्तकातल्या बऱ्याचशा बिघाडांचं मूळ त्या तुटण्यात आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माउस जाहीरपणे दाखवला. झेरॉक्सचा स्टार १९८१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात आयकॉन होते, पण ते ओढायचे नव्हते. आयकॉन निवडायचा, कळफलकावरची ‘मूव्ह’ ही कळ दाबायची, मग जिथे न्यायचा ती जागा दाखवायची. उचलणं आणि ठेवणं या दोन सुट्या कृती होत्या. ॲपलच्या लिसानं १९८३ मध्ये आणि मॅकिंटॉशनं १९८४ मध्ये त्या एका दाबात गुंफल्या: दाबून धरा, न्या, सोडा. त्याच सुमारास बेन श्नायडरमन यांनी या रीतीला ‘डायरेक्ट मॅनिप्युलेशन’ हे नाव दिलं आणि ते रुळलं.

ओढणं शिकायला सोपं, म्हणून सगळीकडे पसरलं. पण शिकायला सोपं ते करायला बिनचूक असतंच असं नाही. स्कॉट मॅकेन्झी, अबिगेल सेलेन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माउस, लेखणी आणि ट्रॅकबॉल या तिन्हींवर मोजून दाखवलं की नुसतं टिचकी मारण्यापेक्षा ओढायला वेळ जास्त लागतो आणि चुकाही जास्त होतात. मुलांवर काम करणाऱ्या कोरी इंकपेन यांनाही २००१ मध्ये तेच दिसलं: ओढण्यापेक्षा टिचक्यांनी उचलून ठेवताना मुलं कमी चुकतात. विद्यार्थ्याच्या हातून बटण निसटलं की आपण ‘नीट धर’ म्हणतो. शिक्षकांना माझी विनंती आहे की तसं म्हणू नये. निसटणं या कृतीच्या घडणीतच आहे.

पडदे बांधण्याच्या साधनांचा इतिहास दोन माणसांपासून सांगता येतो. एक, फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेत काम केलेले जाँ-मारी ह्युलो. मॅकिंटॉशवर लिस्प भाषेत त्यांनी पडदे मांडण्याचं एक साधन केलं होतं. ते घेऊन ते नेक्स्ट कंपनीत गेले आणि १९८८ मध्ये नेक्स्टच्या संगणकासोबत इंटरफेस बिल्डर जगापुढे आलं. त्यात बटण नुसतं मांडायचं नसे. बटणापासून, ज्या वस्तूनं काम करायचं तिच्यापर्यंत एक रेघ ओढायची. रेघ जुळली की बटण दाबल्यावर काय घडायचं तेही ठरलं. सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टच्याच संगणकावर, आणि त्यात या साधनाचा मोठा हातभार होता. दुसरे ॲलन कूपर. त्यांनी ‘ट्रायपॉड’ नावाचा नमुना १९८८ मध्ये बिल गेट्स यांना दाखवला. मायक्रोसॉफ्टनं तो घेतला, बेसिक भाषेशी त्याची सांगड घातली, आणि १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं. चार वर्षांनी बोरलँडचं डेल्फी आलं. आपल्याकडे डिप्लोमा आणि बीसीएच्या कितीतरी तुकड्यांनी आयुष्यातलं पहिलं बटण ओढलं ते व्हिज्युअल बेसिक सहाच्या राखाडी फॉर्मवर.

या साधनांची वर्गवारी सहसा कंपनीवरून किंवा भाषेवरून करतात. बिघाड शोधणाऱ्याला तिचा उपयोग नाही. मी घराणी वेगळी पाडतो. वस्तू सोडल्यावर साधन काय लिहून ठेवतं, एवढंच पाहतो.

पहिलं घराणं आकडे लिहितं. व्हिज्युअल बेसिकच्या फॉर्मची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक बटणाखाली चार ओळी सापडतात: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. माप ट्विपमध्ये, १,४४० ट्विपचा एक इंच. सोडलं तिथेच बसतं, म्हणून नवशिक्याला हे घराणं जवळचं वाटतं. पण याच फाइलीत आकड्यांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट असते: ही वस्तू कोणाच्या पोटात आहे. ती चित्रात दिसत नाही. ज्यांनी व्हीबी शिकवलं त्यांना हा प्रसंग नक्की आठवेल. फॉर्मवर दोन फ्रेम, एकीत ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’, दुसरीत ‘विवाहित’ आणि ‘अविवाहित’. मुलानं टूलबॉक्सवर दोनदा टिचकी मारून चारही ऑप्शन बटणं फॉर्मवर आणली आणि ओढून फ्रेममध्ये नेली. दिसायला चोख. प्रोग्राम चालवला, ‘स्त्री’ निवडलं, मग ‘विवाहित’ निवडलं, तर ‘स्त्री’वरची खूण गेली. कारण चारही बटणं फ्रेमवर नुसती टेकलेली होती, मालकी अजून फॉर्मचीच होती. फॉर्मच्या दृष्टीनं तो चौघांचा एकच गट, आणि गटात एकच निवडता येतं. ओढून मालक बदलत नव्हता. कट करून, फ्रेम निवडून, पेस्ट करावं लागे, नाहीतर बटण सुरुवातीलाच फ्रेमच्या आत आखावं लागे. या एका उदाहरणात या विषयाचा अर्धा अभ्यासक्रम आहे असं मला वाटतं. आजची साधनं ओढतानाच मालक बदलतात, त्यामुळे आता बिघाड उलट बाजूनं येतो: नको असताना वस्तू शेजारच्या चौकटीच्या पोटात जाते.

दुसरं घराणं नातं लिहितं. हे बटण त्या रकान्याच्या खाली, दोन्ही बाजूंना सारखं अंतर सोडून; किती पिक्सेलवर, ते पडदा बघून ठरेल. क्यूटी आणि जीटीके या पडदे बांधण्याच्या संचांच्या डिझायनरांनी डबे आणि जाळ्या वापरून हे केलं. ॲपलनं ऑटो लेआउट मॅकवर २०११ मध्ये आणि आयफोनवर २०१२ मध्ये आणलं. त्याच्या मुळाशी कॅसोवरी नावाची गणिती रीत आहे. अँड्रॉइडचं कन्स्ट्रेंट लेआउट २०१६ मध्ये जाहीर झालं. सदरलंड यांच्या समांतर रेघा अशा परत आल्या. फोनचे आकार शेकड्यांनी वाढले तेव्हा दुसरा इलाजच नव्हता.

‘इथे दिसतंय, फोनवर वरच्या कोपऱ्यात जातंय’ हे वाक्य याच घराण्यातलं, आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. अँड्रॉइड स्टुडिओत बटण पडद्याच्या मधोमध सोडलं. मधोमध दिसलं. फाइलीत मात्र साधनानं जे लिहिलं ते फक्त स्वतःच्या आठवणीसाठी होतं: डिझायनर उघडल्यावर हे इथे दाखवायचं, एवढंच. त्या ओळींच्या सुरुवातीला ‘टूल्स’ असा शब्द असतो आणि प्रोग्राम बांधला जाताना त्या ओळी गळून जातात. बटणाच्या कडांपासून पडद्याच्या कडांपर्यंत नात्याच्या रेघा जोडायच्या राहिल्या, म्हणून फोनला बटणाच्या जागेबद्दल काहीच कळलं नाही. ज्याला जागा सांगितलेली नाही ते शून्य-शून्यवर, म्हणजे डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात जातं. साधन तसा इशाराही देतं. पण चित्र इतकं खरं वाटत असतं की इशाऱ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मुलं पुन्हा मधोमध ओढतात, पुन्हा फोनवर बघतात, पुन्हा ओढतात. दहा वेळा ओढून फाइलीत नातं उमटत नाही.

तिसरं घराणं क्रम लिहितं. वेबचं पान म्हणजे घटकांचं झाड. तिथे सोडणं म्हणजे या फांदीवर, या पानाच्या आधी किंवा नंतर टांगणं. वेबसाइट बांधणारी ओढा-सोडा साधनं बहुतेक याच जातीची. परिच्छेद डावीकडे सरकवायचा म्हणून ओढला आणि तो दोन खण वर गेला, तर साधनानं क्रम बदललाय हे समजावं. चौथं घराणं जोडणी लिहितं. २००७ चं स्क्रॅच, २०१० मध्ये गूगलनं जाहीर केलेलं आणि पुढे एमआयटीकडे गेलेलं ॲप इन्व्हेंटर. ठोकळे खाचेत अडकले तर जोडले, नाहीतर नुसते शेजारी पडले. त्यांची दुखणी कमी आणि सरळ आहेत. फिग्मासारखी चित्रसाधनं सर्व घराण्यांचं थोडंथोडं घेतात: मोकळ्या कॅनव्हासवर आकडे, ऑटो लेआउटच्या चौकटीत क्रम. वस्तू नको त्या चौकटीत शिरत असेल तर तिथे ओढताना स्पेसबार दाबून धरायचा असतो. ही एवढीशी माहिती कितीतरी जणांचा दिवस वाचवते.

एक पंथ ओढण्याच्याच विरोधात आहे. त्याचं म्हणणं, पडदे मजकुरातच लिहा, चित्र शेजारी बघा. ॲपलचं स्विफ्टयूआय २०१९ मध्ये आलं, अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोज २०२१ मध्ये पक्कं झालं, आणि दोन्हींचा कल तिकडेच आहे. हा पंथ चुकीचा नाही. लिहिलेली ओळ डोळ्यांसमोर राहते, हा त्याचा मोठा फायदा. पण प्रोग्रामर नसलेल्या माणसाला, पहिल्या वर्षाच्या मुलाला, नकाशा-चित्रातून विचार करणाऱ्या डिझायनरला ओढण्याची वाट हवीच. म्हणून ती बंद करण्यापेक्षा ओढणाऱ्याला ओळ वाचायला शिकवावी, हा माझा पक्ष.

बिघाड कुठेकुठे लपतात याची चव इथेच देतो. ‘उचलतच नाही’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत कधी दोष डिझायनरच्या बाहेरचा असतो. बटण दाबून माउस काही पिक्सेल सरकल्याशिवाय विंडोज त्याला ओढणं मानतच नाही. हे अंतर मुळात चार पिक्सेलचं आहे, आणि अगदी थोडं सरकवणाऱ्याला तेवढंही अडवतं. लॅबमधल्या जुन्या माउसच्या आतला स्विच झिजला की दाबलेलं असतानाच तो क्षणभर सुटतो, आणि बटण वाटेतच पडतं. अशा वेळी सेटिंगात तासभर घालवण्याआधी शेजारचा माउस लावून पाहावा. कधी वस्तू लॉक केलेली असते, कधी वर एखादं पारदर्शक पॅनेल पसरलेलं असतं आणि हात त्यालाच लागतो. कधी प्रोग्राम मागे चालूच असतो, म्हणून फॉर्मला कुलूप असतं. टूलबॉक्समधली नावं फिकी दिसत असतील तर त्या वस्तू या प्रकारच्या प्रोजेक्टसाठी नाहीत, हे साधन आपल्या परीनं सांगत असतं.

‘आडवी रेघ मारलेला गोल’ हा मात्र नकार आहे आणि नकाराला नेहमी कारण असतं. एक कारण फार जणांना चकवतं. डिझायनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू केला आणि साध्या फोल्डरमधून चित्र ओढून आणलं तर ते आत येत नाही. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रामनं जास्त अधिकाराच्या प्रोग्रामला असे निरोप पाठवायला बंदी आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं ती योग्यच. पण अडचण आली की ‘ॲडमिन म्हणून चालव’ असा सल्ला देणारे इथे उपायानंच रोग वाढवतात. वेबवर चालणाऱ्या डिझायनरांत नकाराची दुसरी जात आहे. ब्राउझरमधली ओढा-सोडा यंत्रणा मायक्रोसॉफ्टच्या १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर पाचपासून चालत आली. तिचा नियम असा की ज्या जागेवरून वस्तू जाते आहे तिनं ‘मी घेईन’ असं त्याच वेळी सांगितलं पाहिजे. ती गप्प राहिली तर उत्तर ‘नाही’ धरलं जातं. सोडल्यावर काय करायचं याचा सगळा कोड लिहिलेला असतो, वरून जाताना होकार द्यायचा तेवढा राहतो, आणि मग काहीच घडत नाही. चूकही दिसत नाही, कारण गप्प राहणं ही काही चूक नव्हे.

‘बसलं पण दिसत नाही’ असं कोणी म्हटलं की कॅनव्हास सोडून वस्तूंच्या यादीकडे जावं. जवळजवळ प्रत्येक साधनात अशी यादी असते, आणि ती उघडी ठेवण्याची सवय ज्यांना लागली त्यांचे निम्मे प्रश्न मिटले. यादीत बटण आहे का? असेल तर कोणाच्या पोटात, कोणाच्या मागे, केवढ्या आकाराचं? नसेल तर ते कधी आलंच नव्हतं. ‘काल होतं, आज विस्कटलं’ हे बहुधा दोघांच्या कामात होतं. डिझायनरनं लिहिलेल्या फाइलीत एकानं हातानं बदल केला, दुसऱ्यानं डिझायनर उघडून एक पिक्सेल सरकवलं, साधनानं सगळी फाइल पुन्हा लिहिली. आयफोनच्या स्टोरीबोर्डवर एकत्र काम केलेल्या कोणालाही हा त्रास नवा नाही.

एक प्रसंग मी आजवर लिहिला नव्हता, तो इथे लिहितो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पतसंस्थेसाठी कर्ज-अर्जाचा फॉर्म मी बांधला. आधी सगळं इंग्रजीत, लेबलं हातानं ओढून मापात बसवलेली, बटणं खाली एका रेषेत. मग मराठी मजकूर घातला. माझ्या पडद्यावर ठीक दिसलं. तिथे बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी काउंटरवरच्या ताईंचा फोन आला, ‘साहेब, जतन करायचं बटणच नाही हो यात.’ गेलो. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे म्हणून विंडोजमध्ये अक्षर सव्वापट करून घेतलेलं होतं. फॉर्म फुगला होता आणि शेवटची रांग पडद्याच्या खाली गेली होती. त्याहून वाईट गोष्ट मला त्यांच्या शेजारी उभं राहिल्यावर दिसली. इंग्रजी अक्षराच्या उंचीला ओढून ठेवलेल्या लेबलांत ‘कर्ज’मधला रफार वरून कापला जाऊन ‘कज’ उरला होता, आणि ‘मुद्दल’चा उकार खालून गेला होता. ताई दिवसभर त्या फॉर्मवर लोकांची कर्जं भरत होत्या. इंग्रजीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं लागत नाहीत. देवनागरीला लागतात. उंची आकड्यानं ठरवून टाकली की त्या अक्षरांना जागाच उरत नाही. त्या दिवसापासून मी लेबलाची उंची हातानं ओढलेली नाही. मराठीत पडदे करणाऱ्यांसाठी या पुस्तकात वेगळा भाग आहे तो त्यामुळे. तेवढा भाग तरी कोणी वगळू नये.

आज हे पुस्तक का, असं विचारणारे आहेत. दोन वाक्यांत वर्णन केलं की पडदा तयार करून देणारी साधनं आता आली, मग ओढण्याचे बिघाड शिकून काय करायचं? अनुभव उलटा आहे. तयार पडदा नव्वद टक्के बरोबर दिसतो आणि उरलेलं दुरुस्त करायला माणूस माउस हातात घेतो. जो पडदा आपण बांधला नाही त्यात कोण कोणाच्या पोटात आहे, कोणती नाती जोडली आहेत, हे आपल्याला ठाऊक नसतं. स्वतः बांधलेल्या घरात दिव्याचं बटण अंधारातही सापडतं. परक्या घरात भिंत चाचपावी लागते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी वेबच्या सुलभतेचे २.२ क्रमांकाचे निकष जाहीर झाले. त्यात असं सांगितलं आहे की जे काम ओढून करता येतं ते, ओढणं अगदीच अपरिहार्य असल्याशिवाय, न ओढता, साध्या टिचक्यांनीही करता आलं पाहिजे. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना दाबून धरणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा निकष आहे. निवडा, मग ठेवायची जागा दाखवा: १९८१ च्या स्टारची रीत बेचाळीस वर्षांनी हक्काच्या रूपात परत आली. ओढा-सोडा बांधणाऱ्या प्रत्येकानं दुसरी वाट ठेवली पाहिजे, आणि बिघाड शोधणाऱ्यालाही तीच वाट उपयोगी पडते. टिचक्यांनी काम झालं आणि ओढून झालं नाही, तर दोष जागेत नसून ओढण्यात आहे हे लगेच सिद्ध होतं.

पुस्तकाची मांडणी साधनांनुसार केलेली नाही. साधनांच्या आवृत्त्या बदलतात, मेनू इकडचे तिकडे होतात, आणि चित्रांसह छापलेलं मार्गदर्शन दोन वर्षांत जुनं होतं. इथे वाचकाला तक्रारीच्या वाक्यापासून सुरुवात करायची आहे, तिथून कृतीच्या नेमक्या टप्प्याकडे आणि मग फाइलीतल्या ओळीकडे जायचं आहे. उदाहरणं पाचसहा साधनांतली आहेत, पण कोणतंही एक साधन येत असलं तरी पुरे. प्रोग्रामिंगची सवय नसलेल्यांनी फाइल उघडायला बिचकू नये. त्या ओळी बदलायच्या नसून वाचायच्या आहेत, आणि वाचायला दिलेल्या ओळी कुठेही दहाच्या वर नाहीत. शब्दांबाबत मी हट्ट धरलेला नाही. लॅबमध्ये मुलं ‘फॉर्म’, ‘पॅनेल’, ‘ड्रॅग’ म्हणतात, तेच इथे आहे. जिथे मराठी क्रियापद नेमकं काम करतं तिथे ते वापरलं. उचलणं, नेणं, घेणं, बसणं, दिसणं, टिकणं या सहा क्रियापदांनी मला जेवढं समजावून सांगता आलं तेवढं कोणत्याही परिभाषेनं सांगता आलं नाही.

सरावाच्या फाइली मुद्दाम बिघडलेल्या अवस्थेत दिल्या आहेत. त्या उघडल्यावर आधी काही ओढू नका. काय दिसतंय ते एका वाक्यात लिहा, वस्तूंची यादी उघडा, मग फाइल वाचा. त्यानंतरच माउसला हात लावा. आणि या पुस्तकात नसलेला एखादा बिघाड तुमच्या हाती लागला तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. ‘ड्रॅग-ड्रॉप चालत नाही’ असं लिहू नका. ज्याला अडचण आली त्यानं ती ज्या शब्दांत सांगितली ते वाक्य जसंच्या तसं लिहा, आणि सोबत ती फाइल दुरुस्त न करता पाठवा.